न्यायमूर्ती सर नारायणराव चंदावरकर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे अध्यक्षीणबाईंनी मला सांगितले तेव्हा मी थोडी बिचकलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हातात लेखणीपेक्षा लाटणे जास्त वेळ. परंतु बाई म्हणाल्या की तुम्हाला ज्यांच्याविषयी मनापासून काही वाटते त्यांच्याविषयी लिहा, शुद्धलेखन आम्ही पाहू. तेव्हा वाचनालयातून पुस्तके आणून, जाणत्यांना विचारून, दुपारची कामे उरकल्यावर थोडे थोडे करून हे लिहिले आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपल्या स्मरणिकेत पूर्वी येऊन गेली आहेत. मी निवडलेले नाव तितके परिचयाचे नाही. माटुंग्याला चंदावरकरांच्या नावाचा रस्ता आहे, त्यावरून आपण भाजी घेऊन जातो, पण हे चंदावरकर कोण, असे कोणी विचारले तर उत्तर देता येत नाही. गिरगावातल्या प्रार्थना समाजाचेही तसेच झाले आहे. कंडक्टरने नाव पुकारले की आपण उतरतो. तो बसचा थांबा आहे एवढेच ठाऊक. त्या थांब्याला ज्या मंदिरावरून नाव पडले, त्या मंदिरात हे गृहस्थ वर्षानुवर्षे उपासना चालवीत होते.

नारायण गणेश चंदावरकर यांचा जन्म २ डिसेंबर १८५५ रोजी होनावर येथे झाला. होनावर हे कारवारच्या खाली समुद्रकाठचे गाव. आज ते कर्नाटकात आहे, पण नारायणरावांच्या लहानपणापासून तो सारा मुलूख मुंबई इलाख्यात मोडू लागला. घराणे सारस्वत, घरची बोली कोकणी, शाळेची भाषा कानडी. अशा मुलाने मुंबईस येऊन मराठी आणि इंग्रजी आपलीशी करायची म्हणजे किती कष्ट पडले असतील, याची कल्पना परगावाहून सासरी आलेल्या कोणाही बाईला करता येईल. पाणी निराळे, बोली निराळी, माणसे निराळी.

त्यांना आधार होता मामांचा. शामराव विठ्ठल कायकिणी हे त्यांचे मामा मुंबईत वकिली करीत आणि सुधारक मताचे होते. यांच्याच स्मरणार्थ श्रीपाद सुब्बराव तलमकी यांनी १९०६ साली सहकारी पतपेढी काढली, तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. आपल्यापैकी कित्येकींचे खाते तिथे असेल. शिकलेला मामा पाठीशी असला की भाच्याचे भले होते, हे आपण घरोघर पाहतो. नारायणराव एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, तिथे काही काळ दक्षिणा फेलो होते आणि १८८१ साली वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले.

परंतु नुसती वकिली करून पैसा मिळवावा, हा त्यांचा स्वभाव नव्हता. मुंबईत ‘इंदुप्रकाश’ नावाचे पत्र निघत असे, त्यात मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर असत. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण अशा प्रश्नांना त्या पत्राने पहिल्यापासून उचलून धरले होते. त्याच्या इंग्रजी भागाचे संपादन नारायणरावांनी सुमारे दहा वर्षे केले. १८८५ साली, अवघ्या तिशीत, हिंदुस्थानची गाऱ्हाणी इंग्लंडच्या मतदारांपुढे मांडण्यासाठी तीन प्रांतांतून तीन माणसे विलायतेस गेली. बंगालचे मनमोहन घोष, मद्रासचे रामस्वामी मुदलियार आणि मुंबईचे नारायणराव चंदावरकर. त्या दिवसांत समुद्र ओलांडणे म्हणजे जातीचा रोष ओढवून घेणे होते. तिथून ते परतले त्याच सुमारास, डिसेंबर १८८५ मध्ये, गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसची पहिली बैठक भरली.

या मुंबईत तेव्हा एकाहून एक मोठी माणसे होती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हायकोर्टाचे न्यायाधीश होते. १८९३ साली तेलंग अकाली गेले आणि त्यांच्या जागी पुण्याहून महादेव गोविंद रानडे आले. नारायणराव रानड्यांना गुरुस्थानी मानीत. रानड्यांच्या घरच्या गोष्टी आपल्याला रमाबाईंच्या आठवणींमुळे माहीत आहेत. नारायणरावांच्या घरातून तसे पुस्तक आपल्यापर्यंत आले नाही, म्हणून मनुष्य कर्तृत्वाने मोठा असूनही आपल्या बायकांच्या बोलण्यात आला नाही, असे मला वाटते. ज्यांच्या घरच्या बाईने लिहिले ते आपल्याला घरचे वाटले, बाकीचे नुसते रस्त्याचे नाव होऊन राहिले.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा हा तेव्हाचा सर्वांत मोठा वाद. दहा वर्षांच्या पोरीला संसारास लावण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. ती मर्यादा बारा वर्षांवर न्यावी, एवढेच सरकार म्हणत होते. बारा हे वयसुद्धा आज आपल्याला ऐकवत नाही. पण त्या दोन वर्षांसाठी पुण्या-मुंबईत सभा उधळल्या गेल्या. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे लोकमान्य टिळकांसारख्या देशभक्तांचे म्हणणे होते. नारायणराव मात्र कायद्याच्या बाजूने उभे राहिले. पोरीचा जीव जात असेल तर हात कोणाचा हे नंतर पाहू, असे त्या पक्षाचे म्हणणे. चाळीस वर्षांची बाई आज निवांत बसून हे वाचते, तेव्हा तिला कोणाचे पटते हे मी लिहिण्याची गरज नाही.

प्रार्थना समाजाची स्थापना मुंबईत १८६७ साली डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने झाली होती. एका निराकार ईश्वराची उपासना, मूर्तीचा आणि जातीचा बडेजाव नाही, आणि गायला आपल्याच संतांचे अभंग, असा त्यांचा मार्ग. पंढरपूरला टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आणि फसलेल्या विधवांसाठी एक आश्रम समाजाकडून चालविला जाई. मजुरांसाठी रात्रीच्या शाळाही समाजाने काढल्या होत्या. १९०१ साली रानडे वारल्यावर मुंबईच्या समाजाची धुरा नारायणरावांवर आली, ती त्यांनी अखेरपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे वाहिली. हायकोर्टातला न्यायाधीश आठवडाभर खटले ऐकून रविवारी संध्याकाळी गिरगावात येई आणि तुकारामबोवांचा अभंग घेऊन त्यावर बोले.

१९०० च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष नारायणराव होते. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांतच, १६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांचे निधन झाले आणि हायकोर्टातील त्यांच्या जागी नारायणरावांची नेमणूक झाली. काल काँग्रेसच्या व्यासपीठावर आणि आज सरकारच्या न्यायासनावर, म्हणून लोकांनी टीका केली. पण त्या काळी एतद्देशीय माणूस हायकोर्टात बसणे हीच एक झगडून मिळविलेली गोष्ट होती. न्यायासनावर असेपर्यंत त्यांनी राजकारण अगदी दूर ठेवले. सामाजिक परिषद, उपासना आणि विद्यार्थ्यांचे काम तेवढे चालू ठेवले.

न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक हिंदू कायद्याचा होता. मिताक्षरा, व्यवहारमयूख हे मूळ संस्कृत ग्रंथ उघडून, कोणत्या वचनाचा काय अर्थ होतो हे ते निकालात मांडीत. आमच्यासारखीला त्यातले कायदे काय कळणार? पण एक गोष्ट वकिलीण शेजारणीने मला समजावून सांगितली, ती सर्वांना सांगण्यासारखी आहे. वारसाच्या बाबतीत मुंबई इलाख्यातली बाई इतर प्रांतांतल्या बाईपेक्षा थोडी बरी होती. व्यवहारमयूखाच्या आधाराने मुलीला आणि बहिणीला इथे जे वारसाने मिळे ते तिच्या मालकीचे होई, नुसते जन्मभर वापरण्यापुरते नसे. अर्थात भाऊ असला की तिची पाळी येतच नसे. पुढे १९५६ चा वारसा कायदा आला आणि २००५ साली मुलीला जन्मतः मुलाइतकाच वाटा मिळाला. या गोष्टी एका दिवसात होत नाहीत. जुन्या ग्रंथातून बाईच्या बाजूची ओळ शोधून काढणारी माणसे आधी व्हावी लागतात.

आता एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे, कारण चरित्र म्हटले की ते पूर्ण असावे. नाशिकच्या कटाचा खटला मुंबईत चालला तेव्हा ज्या तीन न्यायाधीशांच्या खास मंडळापुढे तो चालला, त्यात मुख्य न्यायाधीश सर बॅसिल स्कॉट, न्यायमूर्ती हीटन आणि तिसरे न्यायमूर्ती चंदावरकर होते. डिसेंबर १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी. दोन्ही मिळून पन्नास वर्षे. त्याच १९१० साली सरकारने नारायणरावांना सर ही पदवी दिली होती. मराठी घरांत या गोष्टीचा सल फार वर्षे राहिला. मी लहान असताना आमच्या चाळीतल्या एका आजोबांसमोर चंदावरकरांचे नाव निघाले की ते उठून आत जात. आपण त्यांना दोष देऊ शकत नाही आणि ही गोष्ट झाकूनही ठेवू शकत नाही. कायद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने तो कायदा परक्याचा असताना कोठवर पाळावा, हा प्रश्न मोठमोठ्यांना सुटलेला नाही. मला एवढेच दिसते की एकाच माणसाच्या हातून दोन्ही गोष्टी घडल्या, आणि लिहिणारीने दोन्ही लिहाव्या.

आपल्या परळचे आणि त्यांचे नाते याच काळात जडले. प्रार्थना समाजाचे तरुण प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे विलायतेत धर्माचा अभ्यास करून आले होते. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या आपल्याच बांधवांसाठी काहीतरी संघटित काम व्हावे, हा त्यांचा ध्यास. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी परळला पहिली शाळा उघडून निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. तिचे अध्यक्षपद नारायणरावांनी घेतले. शिंद्यांची बहीण जनाक्का त्या कामात भावाबरोबर राबली. हायकोर्टाच्या न्यायाधीशाने अध्यक्ष होणे म्हणजे नुसते नाव देणे असे आज कोणी म्हणेल. परंतु ज्या शाळेत जाणाऱ्याला आणि शिकविणाऱ्याला दोघांनाही शिव्या बसत, त्या शाळेच्या पाटीवर मोठ्या माणसाचे नाव असणे म्हणजे उन्हात छत्री असण्यासारखे आहे. छत्री चालत नाही, चालणारा निराळाच असतो. पण तिच्यामुळे त्याचे चालणे सोपे होते.

पुढे १९१७ च्या नोव्हेंबरात मुंबईत अस्पृश्य वर्गाची एक सभा नारायणरावांच्या अध्यक्षतेखाली झाली. काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध ठराव करावा, अशी मागणी तिने केली आणि त्या वर्षीच्या कलकत्ता काँग्रेसमध्ये तसा ठराव झाला. त्या साऱ्या प्रकरणामागच्या राजकीय हिशेबाची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या ग्रंथात कठोर झडती घेतली आहे. वरून कोणी दयेने देणे आणि ज्याचे त्याने हक्काने घेणे यांत अंतर आहे, ते बाबासाहेबांनी सगळ्यांना शिकविले. नारायणरावांची पिढी पहिल्या पायरीवर होती, हे ध्यानात ठेवून त्यांच्याकडे पाहावे.

१९१३ च्या सुमारास नारायणराव हायकोर्टातून निवृत्त झाले. त्यापूर्वी काही काळ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. निवृत्तीनंतर इंदूर संस्थानचे दिवाण म्हणून गेले, पण तिथे फार दिवस राहिले नाहीत आणि मुंबईस परत आले. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. आपल्याकडे या वयाला आजोबांचे वय म्हणतात. पेन्शन, आरामखुर्ची, सकाळी समुद्रावर फेरी, संध्याकाळी नातवंडांना गोष्टी. त्यात वाईट काही नाही. ज्याने जन्मभर काम केले त्याने बसावे. नारायणरावांनी मात्र या वयात गिरण्यांच्या वस्तीतल्या पोरांचे आजोबापण पत्करले. हा शब्द पुस्तकातला नाही, माझा आहे.

१९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था निघाली. ना. म. जोशी तिचे प्राण होते आणि सर नारायणराव अध्यक्ष. नारायण मल्हार जोशी म्हणजे ज्यांच्या नावाचा रस्ता लोअर परळला आहे तेच. लीगने गिरणगावात काय नाही केले! रात्रशाळा, वाचनालये, पेटीत पुस्तके भरून चाळीचाळीतून फिरविणे, दवाखाने, सावकाराच्या पाशातून सोडविणाऱ्या पतपेढ्या. परळचे दामोदर हॉल तिचेच. तिथे आपल्यापैकी कितीतरी जणींनी नाटके पाहिली आहेत.

ही रात्रशाळा म्हणजे काय वस्तू होती, ते नीट समजून घेतले पाहिजे. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस पहिल्यांदा बारा तासांवर बांधला गेला, म्हणजे त्याआधी त्यालाही धरबंध नव्हता. लहान मुलांना सहा तास काम करण्याची परवानगी होती आणि नऊ वर्षांचे पोर त्यात बसे. त्यांना अर्ध्या दिवसाची पोरे म्हणत. असा दिवस भरून, कापसाची तंतूस अंगावर घेऊन, भाकरी खाऊन, मग रॉकेलच्या दिव्याखाली पाटी घेऊन बसायचे.

माझे आजेसासरे त्यातलेच. कोकणातून बापाबरोबर आले, तेराव्या वर्षी गिरणीत लागले आणि परळच्या एका रात्रशाळेत अक्षरे शिकले. मी त्यांना पाहिले नाही. सासरे सांगत की म्हाताऱ्याला चार चौकोनी ओळी लिहिता येत, पण पगाराच्या कागदावर त्यांनी कधी अंगठा उठविला नाही. गावाकडची पत्रे ते साऱ्या खोलीला वाचून दाखवीत. एका खोलीत पंधरा-वीस गाळेकरी असायचे, जेवायला खाणावळवाल्या बाईकडे जायचे, आणि कोणाच्या घरून पत्र आले की यांच्यापुढे येऊन बसायचे. बायकोने लिहवून घेतलेले असे, त्यात कधी लाजेची, कधी रडण्याची गोष्ट असे. म्हातारा ते वाचून झाले की तिथेच विसरत असे, म्हणून त्याच्याकडे सारे विश्वासाने येत. एका माणसाला वाचता आले तर वीस संसारांचे निरोप पोचले. सरकारी तक्त्यात ही गोष्ट एक साक्षर एवढीच धरली जाते.

त्यांना चंदावरकर कोण हे बहुधा ठाऊकही नसेल. ज्याने खर्चाची तजवीज केली, ज्याने सभेत भाषण करून धनिकांकडून पैसे काढले, त्याचे नाव खाली बसलेल्या पोरापर्यंत पोचतेच असे नाही. गिरणगावातल्या शेकडो पोरांना असा न पाहिलेला आजोबा होता.

राजकारणात ते अखेरपर्यंत नेमस्त राहिले. १९१८ साली काँग्रेसमधून नेमस्त बाहेर पडले, त्यांच्या पुढाऱ्यांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी, दिनशा वाच्छा यांच्याबरोबर तेही होते. परंतु नेमस्त म्हणजे मुके नव्हेत. जालियनवाला बागेच्या हत्याकांडावर हंटर समितीचा अहवाल आला, तेव्हा १९२० साली मुंबईत निषेधाची जाहीर सभा झाली. तिचे अध्यक्ष सर नारायणराव होते आणि ठराव मांडला महात्मा गांधींनी. मार्ग निराळे असले तरी त्या दिवशी दोघे एका व्यासपीठावर होते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हे नाव निवडले. १९२१ साली नव्या सुधारणांप्रमाणे मुंबईचे कायदेमंडळ बसले. त्याचे अध्यक्ष म्हणून नारायणरावांची नेमणूक झाली. विलायतच्या सरकारने स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्न आपण न सोडविता प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळावर सोपविला होता. मद्रासने एप्रिल १९२१ मध्ये पहिला होकार दिला. जुलैमध्ये मुंबईच्या कायदेमंडळापुढे ठराव आला. सभागृहात एकही बाई सभासद नव्हती. बायकांनी मत द्यावे की नाही, हे सारे पुरुष ठरवीत होते. घर कोण सांभाळील, पडद्यातल्या बाईचे काय, नवऱ्याच्या विरुद्ध मत दिले तर काय, असल्या शंका तेव्हा देशभर घेतल्या जात. अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला बाजू घेता येत नाही. नारायणराव त्या खुर्चीत होते. ज्याने तीस वर्षांपूर्वी दहा वर्षांच्या पोरींसाठी वैर पत्करले, त्याच्या देखत तो ठराव मंजूर झाला आणि मुंबई इलाख्यातली बाई मतदार झाली.

सगळ्याच नव्हेत. ठरावीक मालमत्ता किंवा कर भरणाऱ्यांनाच तेव्हा मत होते, पुरुषांनाही. माझ्या आजेसासूला मत मिळाले ते स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ च्या हंगामात. परंतु बाई म्हणून मत नाही, हा दगड त्या जुलैमध्ये वाटेतून निघाला. आज आपण मतदानाच्या दिवशी नव्या साड्या नेसून, बोटाची शाई एकमेकींना दाखवीत येतो, त्याला शंभरावर वर्षे झाली.

१४ मे १९२३ रोजी बंगळूर येथे सर नारायणरावांचे निधन झाले. वय सदुसष्ट. त्यांचे चिरंजीव सर विठ्ठल चंदावरकर पुढे मुंबईचे महापौर झाले आणि १९३३ ते १९३९ विद्यापीठाचे कुलगुरू होते. बापलेक दोघेही एकाच विद्यापीठाचे कुलगुरू, हे भाग्य थोड्या घरांना लाभते.

चरित्र इथे संपते. पण स्मरणिकेत चरित्रे छापायची ती नुसता हार घालण्यासाठी नव्हे, म्हणून दोन शब्द आपल्या घरचे लिहिते. दोन वर्षांपूर्वी मंडळाने प्रौढ भगिनींसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, त्याची तयारी तिथे होते. पहिल्या वर्षी अकरा जणी होत्या. आता चार उरल्या, त्यांत मी एक आहे. माझे वडील गिरणीत होते. १९८२ चा संप झाला, अडीच लाख कामगारांबरोबर त्यांचेही काम गेले, पुढे मिळेल ते करीत राहिले. आईने पापड लाटले. मी सातवी झाले तेव्हा धाकट्या भावाची फी आणि माझी फी यांतली एकच भरता येणार होती, आणि कोणाची भरायची याविषयी घरात चर्चासुद्धा झाली नाही. मी कोणालाही बोल लावीत नाही. पोट आधी.

येत्या वार्षिक सभेपुढे असा विषय आहे की चार बायकांसाठी रोज दोन तास खोली अडकते आणि बाईंना मानधन द्यावे लागते, तेव्हा वर्ग बंद करून खोली बारशी-डोहाळजेवणांना भाड्याने द्यावी. सूचना करणाऱ्या भगिनी मंडळाच्या हितचिंतक आहेत. गेल्या वर्षी जमाखर्चात तूट आली, हे खरे आहे. छपराची डागडुजी राहिली आहे, हेही खरे. म्हणून रागाने नव्हे, तर हिशेबाने विचार व्हावा. चार ही संख्या लहान आहे. पण गळालेल्या सात जणी का गळाल्या, हे आपण विचारले का? दोघींच्या घरी आजारपण आहे, एकीची पाळीची नोकरी लागली, बाकीच्या संध्याकाळी सात वाजता स्वयंपाक सोडून येऊ शकत नाहीत. वर्ग दुपारी तीन ते पाच ठेवला तर त्यांतल्या निदान तिघी येतील असे त्यांनी मला सांगितले आहे. बारशी बहुधा सकाळी किंवा संध्याकाळी होतात, दुपारी खोली रिकामीच असते. भाडेही येईल आणि वर्गही चालेल. मानधनाची अर्धी रक्कम आम्ही चौघी दिवाळीत चकल्या-कडबोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन उभी करू. तसे लेखी पत्र आम्ही चिटणीसबाईंना दिले आहे.

सर नारायणरावांसारखी पदवी, पैसा, अधिकार आपल्यापैकी कोणाजवळ नाही. त्यांनी छत्री धरली तशी धरायला आपल्याजवळ एक खोली आहे आणि तिचे दुपारचे दोन तास आहेत. सभेला सर्व भगिनींनी अवश्य यावे, आणि मत देताना हात वर करण्यापूर्वी एकदा दुपारी वर्गाच्या खोलीत डोकावून जावे, एवढी माझी विनंती आहे. फळ्यावर सध्या बीजगणित चालू आहे. मला ते अजून जड जाते.